मौनाचा अर्थ : दूरस्थ टेहळणी-केंद्रांवरील देखरेखीचा इतिहास व नागपूर

१

नागपूर शहराच्या ईशान्येस असलेले कळमना हे ठिकाण दोन गोष्टींमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. एक तेथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार, व दुसरे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक. बाजारात संत्र्यांचा लिलाव चालू असता जवळून मालगाडी धडधडत जाते आणि त्याच वेळी फार उंचावरून एखादे विमान पांढरी रेघ ओढीत देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालेले असते. पाहणाऱ्याला गाडी दिसते, विमानही दिसते. परंतु ज्यांच्यावर या दोहोंच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे, त्यांना ती बहुधा दिसत नाहीत. स्थानकप्रमुखाने ज्या गाडीला वाट मोकळी करून दिली ती अद्याप कित्येक मैल दूर असते. आणि विमानाचा नियंत्रक तर एका बंद, अंधुक प्रकाशाच्या दालनात पडद्यासमोर बसलेला असतो. दोघांनाही मिळतात त्या केवळ खुणा. जे दिसत नाही त्याची जबाबदारी खुणांच्या आधारे वाहणे, हा आधुनिक दळणवळणाचा पाया आहे.

खुणेचा प्रश्न निघाला की तो केवळ अभियंत्यांचा राहत नाही. भाषेच्या अभ्यासकालाही त्यात काही बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढ्यापुरताच मर्यादित आहे. विमानांची टेहळणी करणारी जमिनीवरील केंद्रे दूर दूर ठिकाणी उभी असतात. त्यांच्यावर पुन्हा दुसऱ्या एका ठिकाणाहून देखरेख ठेवावी लागते. ही व्यवस्था कोणत्या गरजेतून जन्मली आणि तिच्यापुढील मूळ प्रश्न कोणता, याचा येथे विचार करावयाचा आहे. तो प्रश्न थोडक्यात असा : दूरच्या केंद्राकडून काहीच कळले नाही, तर त्याचा अर्थ काय समजावयाचा? तेथे सांगण्यासारखे काही नाही असा, की सांगणाराच उरला नाही असा?

२

प्रथम शब्दांचा विचार करू. दुसऱ्यावर नजर ठेवण्याच्या क्रियेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांपैकी कोणतेही दोन समानार्थी नाहीत. 'पाळत' या शब्दात संशय आहे. 'टेहळणी'त उंच जागा व दूरची नजर आहे. शत्रू येतो काय हे बुरुजावरून पाहणारा टेहळणी करतो. 'पहारा' एका जागेला बांधलेला असतो, तर 'गस्त' फिरती असते. 'देखरेख' या शब्दात मात्र आस्था आहे. आपण देखरेख ठेवतो ती आपल्या माणसांवर, आपल्या कामावर, आपल्या शेतीवर. विमानांच्या बाबतीत रडार जे करते त्याला टेहळणी म्हणणे योग्य होईल. पण त्या रडारवर जी नजर ठेवावी लागते ती देखरेख होय. प्रस्तुत लेखात हा भेद कटाक्षाने पाळला आहे.

'कंट्रोल' या इंग्रजी शब्दाचे मूळही येथे उद्बोधक ठरते. आज आपण त्याचे भाषांतर 'नियंत्रण' असे करतो आणि आवरणे, ताब्यात ठेवणे हा अर्थ मनात आणतो. पण मध्ययुगीन लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'प्रतिलेख', म्हणजे पहिल्या हिशेबाचा ताळा पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही, असा आहे. हुकूम चालविणे हा अर्थ नंतरचा. पडताळा पाहणे हा आधीचा. आपल्याकडे ही कल्पना परकी नव्हती. शिवकालीन किल्ल्यांवर हवालदार, सबनीस, कारखानीस असे निरनिराळे अधिकारी नेमण्यामागे एकाच्या कारभाराचा ताळा दुसऱ्याकडे राहावा हाच हेतू होता. एकाच मनुष्याच्या शब्दावर किल्ला सोपवावयाचा नाही, हे त्या व्यवस्थेचे सूत्र. दूरच्या रडार-केंद्रावरील देखरेख ही या अर्थाने खरीखुरी 'कंट्रोल' आहे. केंद्र एक वही लिहिते, आणि ती लिहिणारा ठीक आहे ना, याची दुसरी वही अन्यत्र ठेवली जाते.

३

आता इतिहासाकडे वळू. नागपूरच्या परिसरात दूरच्या खुणांवर विसंबून काम करण्याची परंपरा विमानांच्या कितीतरी आधीची आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे पायारेषा मोजून कर्नल विल्यम लॅम्ब्टन याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. हे काम उत्तरेकडे नेत असता १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले व तेथेच त्याचे दफन झाले. नागपुरातील 'झिरो माइल' म्हणून ओळखला जाणारा स्तंभ याच सर्वेक्षणाशी निगडित आहे.

या मोजणीची पद्धत अशी : एका टेकडीवर थिओडोलाइट लावावयाचा आणि दूरच्या दुसऱ्या टेकडीवरील निशाण दृष्टीच्या रेषेत घ्यावयाचे. लॅम्ब्टनचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे दिवसा आरशाने परावर्तित केलेला सूर्यप्रकाश व रात्री दिवे यांचा उपयोग केला. निशाण दिसले तर कोन मोजता येई. पण न दिसले तर? धुके असेल, निशाणवाला पोहोचला नसेल, अथवा तापाने आजारी पडला असेल. टेकडीवर उभ्या असलेल्या मोजणीदाराला या तिहींमध्ये भेद करण्याचे साधन नव्हते. त्याला थांबणे भाग होते. आणि मोजणीच्या कामात थांबून चालत होते, कारण डोंगर कोठे जात नाहीत.

रेल्वेत मात्र थांबून चालत नाही. १८६७ मध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मीटरगेज मार्ग आपल्याकडे घेऊन त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले व तो पूर्वेकडे वाढविला. कळमन्याचे स्थानक याच मार्गावर आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत यासाठी जी 'लाईन क्लिअर'ची पद्धत भारतीय रेल्वेत रूढ झाली, तिच्यात दोन स्थानकांमधील यंत्रे तारेने जोडलेली असत. नील यांच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर काढावयाचा तर पुढील स्थानकाची संमती लागे. आणि एक गोळा बाहेर असता, तो पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा ज्याच्या हाती, मार्ग त्याचा.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा शोध निराळाच आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने रुळांतूनच अखंड विद्युत्प्रवाह खेळविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. प्रवाह चालू असेल तोवर मार्ग मोकळा समजावयाचा. गाडी रुळांवर आली की तिच्या चाकांमुळे प्रवाह दुसऱ्या वाटेने वळतो आणि सिग्नल धोक्याचा होतो. पण या पद्धतीचे मर्म पुढेच आहे. रूळ तुटला, तार निखळली, विद्युत्घट संपला, तरीही प्रवाह थांबतो व सिग्नल धोक्याचाच होतो. यंत्राला धोका 'सांगावा' लागत नाही. त्याने बोलणे थांबविणे हाच धोक्याचा इशारा ठरतो. 'सर्व ठीक आहे' हे वाक्य अखंड उच्चारले जात असते, आणि त्याचा उच्चार बंद पडताच ऐकणारा सावध होतो. मौनाला निश्चित अर्थ देण्याचा दळणवळणाच्या इतिहासातील हा एक अत्यंत महत्त्वाचा प्रसंग मानला पाहिजे.

४

येथे व्याकरणातील एका संकल्पनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पाणिनीने 'लोप' या संज्ञेने जे सांगितले ते केवळ 'नसणे' नव्हे. ज्या ठिकाणी काही असावयास हवे होते त्या ठिकाणी ते न दिसणे, म्हणजे लोप. अपेक्षित स्थानच नसेल तर लोपही नाही. विसाव्या शतकात रोमान याकोब्सन याने १९३९ मधील आपल्या एका निबंधात शून्य-चिन्हाचा जो विचार मांडला, त्याचाही रोख याच दिशेने आहे. मराठीतील साधे उदाहरण घ्यावे. 'घोडा' या शब्दाचे अनेकवचन 'घोडे' होते. पण 'एक दगड' आणि 'दोन दगड' यांत 'दगड' या रूपात काहीच बदल होत नाही. तरीही येथे अनेकवचनाचा प्रत्यय शून्य आहे असे आपण म्हणतो, कारण त्या जागी प्रत्यय येण्याची व्यवस्था भाषेत आहे. मात्र बोलणाऱ्याने 'घोडे' म्हटले आणि गलक्यात शेवटचा स्वर आपल्याला ऐकूच आला नाही, तर ती शून्य-प्रत्ययाची स्थिती नव्हे. तो श्रवणातील दोष होय. पहिल्या मौनाला अर्थ आहे, दुसऱ्याला नाही. दूरस्थ देखरेखीचा सारा प्रपंच या दोन मौनांची फारकत करण्यासाठी आहे, असे म्हणता येईल.

आपल्या शेतकऱ्याला ही फारकत ठाऊक आहे. पीक राखण्यासाठी विदर्भातील शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाणावरून तो अधूनमधून हाक घालतो. ती रानडुकरांना हुसकावण्यासाठी असते, तशीच शेजारच्या शेतातील जागल्याला आपण जागे आहोत हे कळविण्यासाठीही असते. शेजारी प्रत्युत्तर देतो. बराच वेळ प्रत्युत्तर आले नाही, तर शेजारी झोपला असावा, नाहीतर त्याच्यावर काही प्रसंग ओढवला असावा, एवढे निश्चित होते आणि मनुष्य कंदील घेऊन तिकडे निघतो. हाकेत बातमी काहीच नसते. पण हाक नसती, तर शांततेतूनही बातमी मिळाली नसती.

५

नागपूरच्या विमानविद्येचा इतिहास सोनेगावपासून सुरू होतो. देशाच्या मध्यावरील या विमानतळाचे महत्त्व स्वातंत्र्यानंतर लगेच प्रत्ययास आले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार नगरांतून रात्री निघालेली विमाने नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि विमाने परत फिरत. चारी दिशांचा संगम एका धावपट्टीवर व्हावा अशी ही योजना होती. नागपूरच्या भौगोलिक स्थानाचा तो पहिला मोठा हवाई उपयोग म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी विमान कोठे आहे हे नियंत्रकाला वैमानिकाच्या तोंडूनच कळे. ठराविक स्थळावरून गेल्यावर वैमानिक रेडिओवरून आपले स्थान, वेळ, उंची व पुढील स्थळी पोहोचण्याची अपेक्षित वेळ सांगे. नियंत्रक ती कागदाच्या अरुंद पट्टीवर, म्हणजे 'स्ट्रिप'वर, लिहून घेई. विमानांमधील अंतर राखावयाचे ते या पट्ट्यांवरील वेळांच्या हिशेबाने. ही पूर्णतः शब्दांवर चालणारी व्यवस्था होती, आणि म्हणूनच तिच्यात मौनाचा विचार फार काटेकोरपणे केलेला आढळतो. १९४४ च्या शिकागो करारातून निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांनुसार, विमानाकडून ज्या वेळी संदेश येणे अपेक्षित होते त्यानंतर तीस मिनिटांत तो आला नाही, तर 'अनिश्चितते'ची अवस्था जाहीर करावयाची असते. त्यानंतर 'सावधगिरी'ची व अखेरीस 'संकटा'ची अवस्था. इन्सर्फा, अलेर्फा व डेट्रेस्फा हे त्यांचे सांकेतिक शब्द. येथे मौनाचे तीन अर्थ घड्याळाच्या आधाराने ठरवून दिले आहेत. पाणिनीच्या परिभाषेत बोलावयाचे तर, संदेशाचे स्थान आधी निश्चित केले, आणि मगच त्याच्या लोपाची नोंद घेणे शक्य झाले.

६

रडार आल्यावर परिस्थिती पालटली. प्राथमिक रडार विमानाला काही विचारत नाही; ते रेडिओलहरी सोडते व विमानाच्या अंगावरून परतलेला प्रतिध्वनी पकडते. त्यावरून विमानाची दिशा व अंतर कळते. पण विमान कोणते आणि किती उंचीवर, हे कळत नाही. दुय्यम रडार मात्र संभाषण करते. जमिनीवरील केंद्र १०३० मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. उत्तरात विमानाचा चार अंकी सांकेतिक क्रमांक व उंची असते. या पद्धतीचा उगम दुसऱ्या महायुद्धातील शत्रू-मित्र ओळखण्याच्या यंत्रात आहे. त्या यंत्राचे सांकेतिक नाव 'पोपट' असे होते. म्हणूनच आजही नियंत्रक वैमानिकाला क्रमांक लावण्यास सांगताना पोपटाच्या कर्कश ओरडण्याचा वाचक असा इंग्रजी शब्द वापरतो. या चार अंकी क्रमांकांत ७६०० हा विशेष लक्षणीय आहे. त्याचा अर्थ, 'माझा रेडिओ बंद पडला आहे'. एक तोंड बंद झाले असता ते दुसऱ्या तोंडाने सांगण्याची ही सोय होय.

उत्तर मिळणे व न मिळणे यांतील अंतर किती मोलाचे असू शकते, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दिसून आले. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ दिल्लीहून वर चढत होते. कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होते. पहिल्याला १४,००० फुटांची व दुसऱ्याला १५,००० फुटांची मर्यादा दिलेली होती. कझाक विमान आपल्या मर्यादेच्या खाली उतरले व दोहोंची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाचाही प्रश्न पुढे आला. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकापुढे प्राथमिक रडारच होते; विमानांची उंची त्याच्या पडद्यावर उमटत नव्हती. कोणते विमान किती उंचीवर आहे याविषयी त्याच्यापाशी केवळ वैमानिकाचा शब्द होता. त्या शब्दाचा ताळा पाहण्यासाठी दुसरी वही नव्हती.

७

यानंतरच्या काळात भारतात दुय्यम रडारांचे जाळे विस्तारले. नागपूर येथेही असे रडार आहे. त्यापाठोपाठ 'एडीएस-बी' ही पद्धती आली. तिच्यात जमिनीवरून प्रश्न विचारावा लागत नाही. विमान स्वतःच उपग्रहांच्या साह्याने ठरविलेले आपले स्थान सेकंदाला साधारण दोन वेळा प्रसारित करीत राहते, आणि जमिनीवरील केंद्र ते ऐकते. अशी केंद्रे उभारणे रडारच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते.

एकच केंद्र सर्व देशाला पुरत नाही याचे कारण पृथ्वीचा गोलावा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. ३०,००० फुटांवरील विमान जमिनीवरील केंद्राला सुमारे २१० सागरी मैलांपर्यंतच 'दिसू' शकते. त्यापलीकडे ते क्षितिजाखाली जाते. लॅम्ब्टनला टेकडीमागून टेकडी शोधावी लागली ती ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी आज केंद्रामागून केंद्र उभारावे लागते. बेटांवर, डोंगरमाथ्यांवर, वाळवंटाच्या कडेला ही केंद्रे उभी राहतात. प्रत्येक ठिकाणी अहोरात्र तज्ज्ञ बसविणे शक्य नसते. यास्तव केंद्रात मनुष्य नसताही त्याची प्रकृती दूर अंतरावरून कळावी, आणि आवश्यक तर त्याला आज्ञाही देता यावी, अशी व्यवस्था करावी लागते.

या व्यवस्थेची अंगे पाहण्यासारखी आहेत. केंद्रातील मुख्य यंत्रे दुहेरी असतात : एक चॅनेल कामावर, दुसरे सज्ज. कामावरील चॅनेलमध्ये दोष आढळताच दुसरे आपोआप सूत्रे हाती घेते. यंत्रे स्वतःची तपासणी स्वतःच करीत असतात व प्रत्येक भागाची स्थिती कळवितात. केवळ रडारचीच नव्हे, तर वीजपुरवठा, डिझेल जनित्र, विद्युत्घट, वातानुकूलन, आगीची सूचना, दार उघडले गेल्याची सूचना, अँटेना फिरविणारी मोटर, या सर्वांची बातमी दूरच्या पडद्यावर हिरव्या, पिवळ्या वा तांबड्या रंगात उमटते. दूरचा तंत्रज्ञ तेथून चॅनेल बदलू शकतो, प्रसारण बंद वा चालू करू शकतो. मात्र केंद्रात एक किल्ली अशी असते की, ती 'स्थानिक' बाजूला फिरविली की दूरच्या सर्व आज्ञा निष्फळ ठरतात. अँटेनावर मनुष्य चढलेला असता शेकडो मैलांवरील कोणी ती अजाणता फिरवू नये, यासाठी ही योजना आहे. तिचा आशय व्यापक आहे : जो प्रत्यक्ष जागेवर आहे, त्याचा शब्द दूरच्या शब्दाहून वरचढ.

परंतु या सर्वांत भाषेच्या अभ्यासकाला सर्वाधिक चिंतनीय वाटाव्या अशा दोन योजना आहेत. पहिली अशी. रडारकडून येणाऱ्या माहितीसाठी युरोपात 'अ‍ॅस्टेरिक्स' नावाची एक संदेश-रचना तयार झाली व ती पुढे जगभर स्वीकारली गेली. तिच्यात विमानांविषयीचे संदेश एका वर्गात आणि रडारच्या स्वतःविषयीचे संदेश दुसऱ्या वर्गात ठेवले आहेत. अँटेना उत्तर दिशेवरून गेली की रडार तसे कळविते. याशिवाय वर्तुळाचे साधारणतः बत्तीस भाग पाडून प्रत्येक भाग ओलांडताना एक छोटा संदेश पाठविते. त्या भागात एकही विमान नसले तरी हा संदेश जातोच. म्हणजे रडार जणू म्हणते, 'मी या बाजूला पाहिले. येथे कोणी नाही.' हा संदेश नसता तर रिकाम्या पडद्याचे दोन अर्थ झाले असते. तो असल्यामुळे रिकामेपणालाही अर्थ येतो. हीच ती जागलीवरची हाक.

दुसरी योजना परीक्षेची. रडारपासून काही अंतरावर, ज्याचे स्थान अचूक मोजलेले आहे अशा जागी, एक ट्रान्सपाँडर कायमचा उभा केलेला असतो. प्रत्येक फेरीत रडारने त्याला प्रश्न विचारावा आणि त्याने ठरलेले उत्तर द्यावे. त्याची दिशा व अंतर आधीच ठाऊक असल्याने, रडारने सांगितलेले स्थान आणि त्याचे खरे स्थान यांत फरक पडला की रडारची चूक उघडकीस येते. केंद्र बोलते आहे, एवढ्याने भागत नाही. ते खरे बोलते आहे काय, हेही पाहावे लागते.

८

इतकी काळजी घेतल्यावरही एक दुवा शिल्लक राहतो, आणि तो मनुष्याचा आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेन गावाच्या आकाशात एका रशियन टुपोलेव्ह प्रवासी विमानाची व एका मालवाहू बोइंगची टक्कर होऊन ७१ माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. या आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील केंद्राकडे होते. त्या रात्री तेथे यंत्रणेच्या दुरुस्तीचे काम चालू असल्याने रडारची माहिती दुय्यम प्रतीच्या पर्यायी व्यवस्थेतून येत होती. दोन विमाने जवळ येत असल्याचा जो इशारा एरवी पडद्यावर उमटतो, तो त्या अवस्थेत उमटत नव्हता; आणि कामावरील नियंत्रकाला याची जाणीव नव्हती. शेजारच्या केंद्रांशी जोडणारा मुख्य दूरध्वनी बंद होता व त्याचा पर्यायी मार्गही नादुरुस्त होता. जर्मनीतील कार्ल्सरूह केंद्राच्या नियंत्रकाला धोका दिसला होता. त्याने झुरिकला पुनःपुन्हा दूरध्वनी करण्याचा प्रयत्न केला, पण तो लागला नाही. दुसरा नियंत्रक विश्रांतीस गेला असल्याने एकट्या मनुष्यावर दोन ठिकाणचे काम पडले होते. अपघाताची कारणे अनेक होती. एका विमानाने यंत्राच्या सूचनेचे पालन केले व दुसऱ्याने नियंत्रकाच्या आज्ञेचे, आणि दोन्ही खाली उतरली, हेही त्यांत होते. तथापि आपल्या विषयाशी निगडित असा बोध स्पष्ट आहे. पडद्यावर इशारा नव्हता. नियंत्रकाच्या लेखी त्याचा अर्थ 'धोका नाही' असा होता. वस्तुतः त्याचा अर्थ 'इशारा देणारा गप्प आहे' असा होता. दोन मौनांची फारकत तुटली.

येथे देखरेखीचे ज्ञान कोठे साठले होते हे पाहणे आवश्यक आहे. यंत्रणा कोणत्या अवस्थेत आहे हे दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांना ठाऊक होते. ते ज्ञान ज्याला हवे होते, त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचले नाही. तांत्रिक देखरेखीचा पडदा व नियंत्रकाचा पडदा या दोन वह्या आहेत; त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या नाहीत, तर दुसरी वही ठेवण्याचा हेतूच निष्फळ होतो.

९

हा विचार आज नागपूरकरांना दूरचा वाटू नये. भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार माहिती-क्षेत्रांत विभागलेले आहे. समुद्रावरील भागासह त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल भरते. २०२४ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने या क्षेत्रांचे एकसंध व्यवस्थापन नागपूर येथून करण्याची योजना पुढे आणली व तिचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी प्रस्ताव मागविले. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'ईशान' हा शब्द साधला आहे. १९४९ च्या रात्री चार नगरांतून टपालाच्या पिशव्या सोनेगावला येत. या योजनेत त्याच चार दिशांकडून विमानांच्या खुणा नागपूरला याव्यात अशी कल्पना आहे. फरक एवढाच की, पिशवी आली नाही तर ती आली नाही हे सर्वांना दिसे. खूण आली नाही, तर ती यावयाची होती हे आधी ठाऊक असावे लागते.

अशा एककेंद्री व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाताना विमानाची सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावी लागतात. ते प्रसंग कमी होतील, मार्ग सरळ होतील, इंधन वाचेल. परंतु पाहणारा जितका दूर जाईल, तितके त्याचे ज्ञान अधिकाधिक खुणांवर अवलंबून राहील, हेही तितकेच खरे आहे. जागेवरचा तंत्रज्ञ केंद्राला केवळ दिव्यांच्या रंगांनी ओळखत नाही. अँटेनाच्या बेअरिंगचा बदललेला आवाज, जनित्राच्या धुराचा रंग, पहिल्या पावसात कोणत्या खोलीत ओल येते, हे त्याला ठाऊक असते. आणि यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी संदेश-रचनेत जागा नसते. ज्या गोष्टीला संदेशात जागाच नाही, तिचा लोपही नोंदविता येत नाही. ती केवळ हरवते.

यावरून दूरस्थ देखरेखीच्या कोणत्याही योजनेची परीक्षा पाहण्याची तीन सूत्रे निघतात असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिले, प्रत्येक दूरच्या केंद्राने सांगण्यासारखे काही नसतानाही ठरलेल्या वेळी बोलले पाहिजे. दुसरे, केंद्राची प्रकृती व केंद्राने दिलेली बातमी या दोन्ही, निर्णय घेणाऱ्या मनुष्याला एकाच ठिकाणी व त्याच्या व्यवहाराच्या भाषेत दिसल्या पाहिजेत. एखादी सोय बंद असेल तर तिच्या जागी रिकामी जागा न राहता 'ही सोय बंद आहे' असे शब्द उमटले पाहिजेत. तिसरे, जागेवरील मनुष्याच्या ज्ञानाला संदेशांच्या रचनेत मुद्दाम स्थान ठेवले पाहिजे, आणि 'स्थानिक' ही किल्ली केवळ यंत्रापुरती न समजता व्यवस्थेचे तत्त्व समजली पाहिजे.

रात्री कळमन्याच्या लोहमार्गावरील सिग्नल तांबडा दिसला की गाडीचा चालक, कारण विचारत न बसता, गाडी थांबवितो. पुढे गाडी असेल, रूळ तुटला असेल, किंवा केवळ तार निखळली असेल. त्याच्या दृष्टीने तिहींचा अर्थ एकच. विमानाला आकाशात असे थांबता येत नाही. म्हणून तेथे मौनाचे अर्थ वेगवेगळे ओळखावे लागतात आणि ते वेळेवर ओळखावे लागतात. नागपूरच्या पडद्यावर उद्या सर्व देशाचे आकाश उमटेल तेव्हा त्यावरील प्रत्येक रिकाम्या जागेविषयी नियंत्रकाला निःशंकपणे म्हणता आले पाहिजे की, येथे कोणी नाही हे मला सांगण्यात आले आहे.